ज्याला पाहिजे तो मागेल

नोकरीला लागल्यावर पहिलं वर्षभर मी सरांच्या घरी चहा प्यायले नाही. त्यांनी विचारलं नाही, मी मागितला नाही. कामासाठी आठवड्यातून एखादा हेलपाटा रायापूरला त्यांच्या घरी व्हायचाच. नवनगरहून बस, मग उन्हातून चालत. मी जाऊन टेकले की सर आतून स्वतःपुरता कप घेऊन यायचे, समोर बसायचे आणि फुंकर घालत म्हणायचे, "हां, बोल." मी बोलायचे. घशाला कोरड पडलेली असायची तरी बोलायचे, आणि मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. आमच्या हुबळी-धारवाडात वीजबिलाचा माणूस दारात आला तरी त्याला पाणी विचारतात हो.

हा कंजूसपणा असेल असं मला वाटायचं. पुढं कळलं की सिद्धांत आहे. कंजूस परवडला, त्याला निदान लाज असते. सिद्धांतवाल्याला तीही नसते.

"बेकादवरु केळ्तार," सर म्हणायचे. ज्याला पाहिजे तो मागेल. आमच्याकडं सगळेच दोन भाषांत बोलतात, एक वाक्य कन्नडमध्ये सुरू होतं आणि मराठीत संपतं. पण हे वाक्य सर नेहमी कन्नडमध्येच म्हणायचे, मग समोर कोणी का असेना. त्यांचं म्हणणं असं, की न मागता दिलेली वस्तू ही देणाऱ्याची हौस असते. घेणाऱ्याच्या गळ्यात ती पडते, आणि वर त्यानं आभार मानायचे. माणसाला काय पाहिजे ते त्याला कळतं. त्याच्या वतीनं आपण कशाला ठरवायचं?

शेवटी एकदा माझं डोकं इतकं दुखत होतं की मी म्हटलं, "सर, मला चहा पाहिजे. आलं घालून." सर ताडकन उठले. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर त्याआधी बघितला नव्हता. आलं ठेचून, दूध आटवून त्यांनी असा चहा केला की तसा आजवर मला कुठं मिळाला नाही. "बघ, मागितलास की नाही," म्हणाले, जणू मी कसली परीक्षा पास झाले होते. डब्यात बिस्किटं होती. ती मागायला मला आणखी काही महिने लागले.

सर पूर्वी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. उंच, काटकुळे, केस कायम उभे. घरची भाषा मराठी. घराणं धारवाडातलं जुनं, पानावर पहिल्यांदा मीठ वाढायचं आणि कोणती चटणी कुठल्या अंगाला हे ठरलेलं असणारं. लहानपणी पंगतीत फार आग्रह सोसला म्हणायचे. कुठल्याशा लग्नात वाढप्यानं न विचारता दुसरी होळगी, म्हणजे पुरणपोळी, पानात टाकली, तेव्हा सरांनी ती उचलून तशीच तुपासकट त्याच्या हातात परत दिली होती. नवरीचे वडील हात जोडून आले. सर त्यांना म्हणाले, "माझा राग नाही. माझी ऑर्डर नव्हती." हा किस्सा काकू सांगायच्या. काकू म्हणजे सरांच्या मिसेस. त्या बहुतेक वेळ मुलीकडं म्हैसूरला असायच्या. का, ते मी कधी विचारलं नाही; अंदाज होता.

सुभाष रोडवर सरांचा एक ठरलेला शिंपी होता. त्याच्याशी सरांचं एका खिशावरून वाजलं. शर्टाला डाव्या बाजूला खिसा असतो तो. सर म्हणाले, मी मागितला नव्हता. शिंपी म्हणाला, "सर, खिसा सगळ्यांनाच लागतो, त्यात विचारायचं काय?" "मला विचारलंस का?" तेव्हापासून सरांचे शर्ट बिनखिशाचे. मग पेन कानावर ठेवायचे. कानावरून पडायचा. मग आमच्याकडं मागायचे, आणि मागण्यात त्यांना काडीची शरम नव्हती. माझे किती पेन त्यांच्याकडं गेले देव जाणे.

आता आमच्या कामाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

नवनगरात एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर आमची छोटीशी संस्था होती, सर ती चालवायचे. बँका, कंपन्या जुने कॉम्प्युटर टाकून देतात. ते आम्ही आणायचे, झाडूनपुसून नीट करायचे आणि ज्या शाळांना परवडत नाहीत त्यांना द्यायचे. त्यावर लिनक्स घालून. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी यंत्रणा. कुणीही घ्यावी, बदलावी, वाटावी, पैसे लागत नाहीत. तिच्याबरोबर कोणते प्रोग्राम बांधून द्यायचे हे देणाऱ्यानं ठरवायचं. अशा बांधून दिलेल्या शिदोरीला डिस्ट्रो म्हणतात. जगात त्या ढिगानं आहेत, आणि एक आमची होती. शाळांमध्ये तिला 'सरांचं लिनक्स' म्हणायचे. कॉम्प्युटर सुरू केला की पोराच्या समोर न मागता जे काही उभं राहतं, ते सरांनी ठरवलेलं.

ज्या माणसाचा न मागता देण्यावर विश्वास नाही, त्याच्याच हातात न मागता काय द्यायचं हे ठरवायचं काम. ही गंमत आम्हाला दिसायची. सरांना दिसत नव्हती.

शनिवारी दुपारी बैठक बसायची. सर, मी आणि मंजुनाथ. मंजुनाथ शाळाशाळांत फिरून मशिनी दुरुस्त करायचा. पोटानं मोठा आणि स्वभावानं थंड. खाली गिरणी सुरू झाली की आमची टेबलं थरथरायची आणि सरांचा आवाज चढायचा. एकेका प्रोग्रामवर अशी चर्चा व्हायची की मुलीचं स्थळसुद्धा कुणी इतकं पारखून घेत नाही. लिहायचे दोन प्रोग्राम कशाला? "एका पानावर दोन मिठं वाढतात का?" एक काढा. कॅल्क्युलेटर? पाढे येत नाहीत म्हणून का? मंजुनाथ सांगायचा, सर, मास्तरांना पगारातली कपात बघायला लागतो. मग राहू दे. पत्त्यांचा खेळ? बाहेर. बुद्धिबळ? ते सरांनी आधी स्वतः महिनाभर खेळून बघितलं, मशीनकडून हरत राहिले, आणि म्हणाले, याची गरज नाही. चित्र काढायचा प्रोग्राम मात्र कुंदगोळकडच्या एका शाळेनं पत्र पाठवून मागितला म्हणून आत आला. सरांच्या कपाळावर आठ्या होत्या. पण मागितलं होतं ना, मग नियम तो नियम.

भाषांचंही तसंच. मूळ लिनक्समध्ये जगातल्या पाच-पन्नास भाषा टाईप करायची सोय येते. सरांनी सगळी उपसून काढली आणि कन्नड आणि इंग्रजी ठेवली. मी म्हटलं, "सर, मराठी?" हुबळीत रेल्वेच्या वस्त्यांतून, बाजारपेठेतून मराठी बोलणारी माणसं काय कमी आहेत? मी त्यातलीच. माझे वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते.

सर म्हणाले, "तू मराठी, मी मराठी. उद्या लोक म्हणतील, दोन मराठी माणसं बसली आणि आपली भाषा घुसवली. स्वयंपाक्यानं आपल्या आवडीचं वाढू नये. एखाद्या शाळेची मागणी येऊ दे, त्या दिवशी घालतो."

"आणि हिंदीला तरी देवनागरी लागते की सर."

त्यावर मंजुनाथच म्हणाला, "हिंदीचे मास्तर कॉम्प्युटरच्या खोलीकडं फिरकत नाहीत अक्का." अक्का मला म्हणायचा, वयानं माझ्याहून मोठा असून.

जागेचा प्रश्न नव्हता, हे सांगून ठेवते. मराठीच्या त्या सोयीला मशीनमध्ये एखाद्या फोटोएवढी जागा लागली असती. सरांना स्वतःच्या भाषेचा इतका संकोच होता की तिला उंबऱ्याबाहेर उभी करून ते प्रामाणिक ठरत होते. मला याचा राग यायचा. पण यात त्यांचा स्वतःचा काही फायदा नव्हता, आणि असल्या माणसाशी भांडायला कुठून धरायचं ते कळत नाही.

माझ्या जुन्या शाळेला मशिनी मिळाल्या त्या माझ्या सांगण्यावरूनच. हुबळीतली छोटी मराठी शाळा, पटावर पोरं बेताचीच, आणि दरवर्षी कमी होणारी. तिथं माझ्या बाई अजून होत्या, आता मुख्याध्यापिका. बाई आमच्याच वस्तीतल्या, निळ्या झेंड्याच्या. मला मुळाक्षरं त्यांनी गिरवायला शिकवली. कधी आवाज चढवला नाही, आणि वर्गातलं एक पोरही त्यांच्यापुढं हललं नाही.

मशिनी देऊन वर्ष उलटलं असेल. मराठी लागली की बाई मागतील, असं मीही धरून चालले होते. एका शनिवारी मंजुनाथनं त्या शाळेबद्दल सांगितलं. तो सुट्टीच्या दिवशी जायचा, शिपाई कुलूप काढून द्यायचा, हा धूळ झाडून यायचा. म्हणाला, "सर, तिथं एक विचित्र आहे. माऊस सगळे झिजलेत. दोन तर बदलले. पण कीबोर्ड नवे करकरीत. अक्षरसुद्धा पुसलं नाही कुठलं. शिपाई सांगतो, पोरं दिवसभर तो चित्राचा प्रोग्राम घेऊन बसतात."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मला पुढचं कळलं.

आमचा एक नियम होता. ज्या शाळेत मशिनी शिकवायला वापरत नाहीत, तिथून त्या उचलायच्या आणि रांगेतल्या पुढच्या शाळेला द्यायच्या. रांग मोठी होती. कलघटगी, नवलगुंद, सगळीकडून मागण्या आलेल्या. सर म्हणाले, "दोन गोष्टी. त्या शाळेच्या मशिनी परत घ्यायच्या. आणि पुढच्या आवृत्तीत चित्राचा प्रोग्राम काढायचा. मी तेव्हाच म्हणत होतो, पोरांना रंग दाखवले की ती दुसरं काही करत नाहीत."

मी म्हटलं, "सर, बाई असल्या नाहीत. काहीतरी कारण असणार."

"तुझी शाळा म्हणून तू बोलू नकोस."

"माझी शाळा म्हणूनच बोलते. मी नाही बोलायचं तर कोण बोलणार?"

सर थोडे वरमले. "मी स्वतः येतो," म्हणाले. "वाढलेलं उचलायचं तर आपल्या हातानं उचलावं." मला ते ऐकून बरं वाटलं नाही. त्या शाळेतून मशिनी गेल्या असत्या तर पट आणखी घसरला असता. आजूबाजूच्या घरांतून लोक सांगायचे, तिथं कॉम्प्युटर आहेत म्हणून पोरगं घालतो. बाईंची शाळा त्या पाच-सहा जुन्या डब्यांवर तग धरून होती. हे मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "पट वाढवायला मशिनी देत नाही आपण." बरोबरच होतं. पण बरोबर बोलण्याचाही काही लोकांना छंद असतो.

सोमवारी आम्ही गेलो. मंजुनाथनं व्हॅन आणली होती, मशिनी भरायला. ती फाटकाबाहेर उभी केली.

बाई दारातच होत्या. इस्त्रीची साडी, अंबाड्यात एक शेवंती. व्हॅन त्यांना दिसली असणार, पण त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. आम्हाला ऑफिसात बसवलं. पाचेक मिनिटांत त्या स्वतः ट्रे घेऊन आल्या. कप नवे होते, बहुतेक आमच्यासाठीच काढलेले. मंजुनाथनं घेतला, मी घेतला. ट्रे सरांपुढं गेला.

सर हसले आणि म्हणाले, "मी मागितला नव्हता."

हे वाक्य सर सगळीकडं म्हणायचे. आमदाराच्या घरी म्हणाले होते, मठाच्या स्वामींपुढं म्हणाले होते. लोक हसायचे, 'सर म्हणजे ना' म्हणायचे, आणि सर विजयी मुद्रेनं पाणी मागून घ्यायचे. त्यांच्या दृष्टीनं ती गंमत होती. पण इथं बाईंचा हात हवेत तसाच थांबला. चेहऱ्यावरचं काहीएक हललं नाही, फक्त तो बंद झाला. मागं सरून त्यांनी तो एक कप ट्रेमध्ये तसाच ठेवून ट्रे कपाटावर ठेवला, आणि म्हणाल्या, "वर्ग बघायचाय ना?"

माझ्या अंगाची आग झाली. आमच्या वस्तीतल्या बाईच्या हातचा चहा धारवाडच्या जुन्या घराण्यातला माणूस नाकारतो, याचा अर्थ बाईंनी काय घ्यायचा? तोच, जो त्यांच्या आईनं आणि आजीनं जन्मभर घेतला. सरांच्या मनात तसलं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण मनातलं कुणाला दिसतं? जिन्यावर मी हळू आवाजात म्हटलं, "सर, इथं त्याचा अर्थ वेगळा होतो."

"कशाचा?"

"चहाचा."

सर माझ्याकडं बघत राहिले. त्यांना खरंच कळलं नाही. तोवर वर्गाचं दार आलं.

पाचवी-सहावीची पोरं एकेका मशीनपुढं दोन-तीन बसली होती. प्रत्येक पडद्यावर चित्राचा प्रोग्राम. मंजुनाथ माझ्या कानाशी "अय्यो" म्हणाला. सर एका मुलीच्या मागं जाऊन उभे राहिले. तिनं माऊस दोन्ही हातांनी धरला होता. पडद्यावर काळ्या रंगात वाकडीतिकडी रेघ सरकत होती. एक वळसा, मग त्याला लागून दुसरा वळसा, मग उभा काना. मग तिनं सगळ्यावरून एक आडवी रेघ मारली आणि ती तिरकी गेली म्हणून पुसून परत मारली.

'माझी शाळा', असं लिहिलं होतं. खाली दुसरी ओळ सुरू होती.

सर वाकले. "काय करतेस?"

"निबंध लिव्हालेय सर."

"चित्राच्या प्रोग्राममध्ये?"

मुलीला प्रश्न कळला नसावा. ती म्हणाली, "यातच मराठी येतंय की."

सर दुसऱ्या मशीनपाशी गेले. तिथं एका मुलाचं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट. तिसऱ्यावर सुविचार. चौथ्यावर आठवड्याचे वार, आणि त्यातला गुरुवार दोनदा खोडलेला. सगळं माऊसनं, एकेक अक्षर, हातानं ओढून. कीबोर्डवर स्वच्छ रुमाल टाकलेले होते, धूळ बसू नये म्हणून. त्या वर्गात मराठी माध्यमाची पोरं मराठी लिहीत होती, वर्षभर, आम्ही देऊ केलेल्या एकुलत्या एका फटीतून. आणि तीच फट बुजवायला आम्ही निघालो होतो.

मी सरांकडं बघायचं टाळलं. मंजुनाथ खिडकीतून व्हॅनकडं बघत बसला.

बऱ्याच वेळानं सर बाईंपाशी आले. आवाज खाली होता. "बाई, मराठीची सोय आम्ही करून दिली असती. एका दिवसाचं काम. तुम्ही मागितलं का नाही?"

बाई म्हणाल्या, "तुम्ही दिलंत त्यात नव्हतं. म्हटलं, द्यायचं नसेल."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तक्रार नव्हती. वर्गात हजेरी घ्यावी तसं बोलल्या. आमच्या घरांत मागायचं नाही हे पोराला फार लवकर शिकवतात. आमच्या आधीच्यांनी पाणी मागून बघितलेलं आहे. मिळालं तेव्हा कसं मिळालं तेही बघितलेलं आहे. त्यामुळं समोर जे ठेवलं नाही, ते आपल्यासाठी नाही असं समजायचं आणि आहे त्यात निभवायचं. मी सरांना वर्षभर चहा मागितला नव्हता तो काय उगीच?

 सरांनी कानाकडं हात नेला, पेन नव्हता. मग शर्टाच्या डाव्या बाजूला चाचपलं, तिथं खिसा नव्हता. मग एकदम म्हणाले, "बाई, मघाशी चहा आणला होतात. तो मला पाहिजे."

"गार झाला असेल. नवा ठेवते."

"नको. तोच द्या."

आम्ही खाली आलो. बाईंनी कपाटावरचा तो कप सरांच्या हातात दिला. वर साय धरली होती. सर उभ्या उभ्या, सायीसकट, तळापर्यंत प्यायले आणि कप स्वतः ट्रेमध्ये ठेवला. जिन्यावर मी काय म्हटलं ते त्यांना तेव्हा कळलं होतं की ही फक्त त्यांच्या सिद्धांतातली दुरुस्ती होती, हे मी कधी विचारलं नाही. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र परत माणूस आला. तेवढं मला पुरे झालं.

व्हॅन रिकामीच परत निघाली. उणकलचं तळं मागं पडलं. मग सर पुढच्या सीटवरून मागं न बघता म्हणाले, "मला वाटत होतं मी पान कोरं ठेवलंय. म्हणजे ज्याला जे पाहिजे ते तो वाढून घेईल. त्यांनी ते 'नाही' म्हणून वाचलं."

"कोरं पान समोर आल्यावर दुसरं काय वाचणार सर?" मी म्हटलं. मला अजून राग होता.

"होय की," सर म्हणाले. एवढ्या चटकन त्यांनी माझं कधी ऐकलं नव्हतं.

पुढच्या शनिवारच्या बैठकीत सरांनी मराठी आत घेतली. मग उर्दू, कोंकणी, तेलुगू, तमिळ. मंजुनाथ म्हणाला, "सर, दोन मराठी माणसं बसली आणि—" सर म्हणाले, "म्हणू देत. म्हणणाऱ्याला बोलता येतंय ना? त्याची मला काळजी नाही." ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम असतो, तो आम्ही फार पूर्वी कोणी मागत नाही म्हणून काढला होता. तो सरांनी परत घातला. तो न बघता सुरू करता यायला पाहिजे, म्हणून डोळे मिटून बसले आणि कीबोर्ड चाचपत राहिले. खाली गिरणी चालू होती, त्यामुळं त्यांना काही ऐकू येईना, आणि आम्हाला हसू आवरेना. चित्राचा प्रोग्राम राहिला. बुद्धिबळ मात्र आलं नाही ते आलंच नाही.

माणूस एका सोमवारनं बदलतो यावर माझा विश्वास नाही. सर बदलले नाहीत. रायापूरला गेलं की अजूनही स्वतःपुरता कप घेऊन यायचे. शर्टाला खिसा आला नाही. लग्नात आग्रह करणाऱ्याशी भांडण ठरलेलं. सगळ्यांना सांगायचे, बेकादवरु केळ्तार. फक्त आमच्या बैठकीत ते वाक्य परत ऐकू आलं नाही.

आता सरही म्हैसूरला असतात, काकूंजवळ. मी फोन केला की उचलतात आणि म्हणतात, "हां, बोल." मला त्यांची आठवण येते ती एका दुपारची.

शाळेचं संमेलन होतं. पोरांनी भित्तिपत्रक केलं होतं, या वेळी टाईप करून, आणि बाईंना सरांना बोलवायचं होतं. पत्रिका पाठवून दिली असती तर चाललं असतं, पण बाई म्हणाल्या, आपण स्वतः जाऊन देऊ. घर मला माहीत, म्हणून मी बरोबर. येतो म्हणून मी सकाळी फोनवर कळवलं होतं. वाटेत बसमध्ये मी बाईंना सरांचं सगळं सांगून ठेवलं. खिसा, होळगी, चहा. म्हटलं, तिथं काही विचारणार नाहीत, मनाला लावून घेऊ नका. त्यांचं असंच आहे. बाई नुसतं हं म्हणाल्या. पर्समधून त्यांनी पाण्याची बाटली काढून दोन घोट घेतले, आत जायच्या आधी.

सरांनी दार उघडलं. खोलीत एरवी दोन खुर्च्या असायच्या, एक त्यांची आणि एक येणाऱ्याची. आज तिसरी होती, कुणाकडून तरी आणलेली. आणि बाईंच्या खुर्चीसमोर स्टूल होतं. त्यावर पाण्याचा भरलेला तांब्या, पेला, बशीत चार बिस्किटं, आणि झाकण ठेवलेला चहाचा कप. आम्ही बसायच्या आधीच. बाई बसल्या. सरांनी झाकण काढलं आणि कप त्यांच्या हातात दिला. वाफ येत होती. बाईंनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "आलं चांगलं आहे."

"आहे ना?" सर म्हणाले. ते आत गेले, स्वतःचा कप घेऊन आले आणि समोर बसले.

मी आपली बसलेय. माझ्यापुढं काही नाही. पाणीसुद्धा नाही. दोघं संमेलनाचं बोलायला लागले. पाहुणे कोण, मांडव कुठं, पोरांची नाटुकली. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. शेवटी न राहवून म्हटलं, "सर, मला?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

"तुला कशाला?" म्हणाले. "तुला मागता येतं."

मग मी मागितला.